नाव नंतर सांगू

पाल्मेरा, फ्लोरिडा
२६ फेब्रुवारी १९८४

चि. लॉटीस,
अ. उ. आ.

बगळे आले. परवा सकाळी चेस्टरने मला सरावाच्या मैदानावर सोडलं आणि मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून दुपारपर्यंत उभी होते. संघाच्या टोपीवरचा बगळा यंदा बदललाय. आधीचा बरा एका पायावर शांत उभा असायचा, हा चोच वासून ओरडतोय. बेसबॉल न येणाऱ्यांनी निदान ओरडू तरी नये.

सत्तर वर्षं या संघापायी जीव जाळला आणि त्यांचा वसंतातला सराव बघितला तो एक्याऐंशीव्या वर्षी. तुमच्याकडे गुडघाभर बर्फ आणि इथे ही पोरं हिरवळीवर तंगड्या पसरून बसलेली. इतकी जवळ, की पिचर थुंकला तर आपणच पाय मागे घ्यावा. तुझे बाबा दर फेब्रुवारीत यंदा जाऊ म्हणायचे, आणि दर फेब्रुवारीत पोलादाच्या भट्टीवर जायचे.

वर्तमानपत्रात काय वाटेल ते छापून येईल, विश्वास ठेवू नकोस. फेब्रुवारीत प्रत्येक संघ जगज्जेता असतो. आपला नवा शॉर्टस्टॉप दिसायला राजबिंडा आहे, पण जमिनीवरून चेंडू आला की असा बाजूला होतो, जणू म्हातारं माणूस बसमधून उतरतंय आणि हा वाट देतोय. पिचिंगबद्दल तर मी बोलतच नाही. माझा जीव अडकलाय तो हर्मन टॉलमध्ये. आठ वर्षं आपला कॅचर होता, मग विकला, आणि आता अडतिसाव्या वर्षी बघू या जमतंय का म्हणून परत बोलावलाय. शर्टावर नाव नाही, नुसता आकडा, तोही ८१. माझ्या वयाचा! इथे सरावाला सत्तरच्या वर खेळाडू येतात आणि उत्तरेला पंचवीसच जातात. ज्यांना असले मोठे आकडे देतात, त्यांना बिऱ्हाड गुंडाळायला फार वेळ लागत नाही.

सूनबाई डार्लीन चांगली आहे. सकाळी ग्रेपफ्रूट कापून देते आणि रेडिओचा आवाज कमी करते. मी वाढवते. ती कमी करते. असं आमचं छान चाललंय.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशनच्या निमित्ताने तू मला इथे पाठवलंस, त्याला हिवाळा उलटला. बगळे उत्तरेला निघाले की मीही निघायचं असं आपलं ठरलंय, ते मी विसरलेले नाही. विमानतळावर तुम्ही दोघं हसलात ते मला ऐकू आलं होतं बरं का. आई तुला दिली, बदल्यात मला काय, असं तू म्हणालीस आणि चेस्टर म्हणाला, नाव नंतर सांगू. संघांचे मालक असंच म्हणतात, अदलाबदलीत कोणता खेळाडू द्यायचा ते ठरलं नसलं की. मी म्हातारी आहे, बहिरी नाही.

जावईबापू बर्नीला आशीर्वाद. लोभ आहेच, कमी पडला तर कळव.

तुझी
आई

*

लेकपोर्ट
६ मार्च १९८४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. बर्नीला वाचून दाखवलं, तो शॉर्टस्टॉपवर इतका हसला की खोकला लागला. आज उपवासापूर्वीचा मंगळवार, त्यामुळे पहाटेपासून पोंचकी तळतेय. आलुबुखाऱ्याच्या मुरांब्याचं सारण केलं, पण तुझ्यासारखं आतपर्यंत जात नाही. निम्मी पोंचकी पोकळ, तशीच फादरांकडे पाठवली. ते काही बोलणार नाहीत, त्यांना गोड चालतं.

इथे बर्फ अजून हटत नाही. गल्लीतल्या लोकांना तू फ्लोरिडात बगळे बघतेस हे कळल्यापासून सगळे जळतात. कोपऱ्यावरचा न्हावी रोज विचारतो की मिसेस ड्रोझ्द यंदाच्या संघाबद्दल काय म्हणतात. तुझं मत समजल्याशिवाय तो पैज लावणार नाही म्हणे. त्याला सांगितलं, आई म्हणते पैसे घरात ठेव.

गुडघा बरा आहे. जिना उतरताना कुरकुरतो, पण झोप लागते. खरं सांगू, सगळी रात्र झोप लागते हे मी विसरूनच गेले होते. तुला वाईट वाटू नये म्हणून लिहितेय, वाईट वाटावं म्हणून नाही.

तुझी खोली आहे तशीच आहे. बर्नी दोन दिवस तळघरात रंगकाम करतोय, हाताचा पिवळा रंग जाता जात नाही आणि त्या वासाने सगळं घर भरून गेलंय. तुझ्या नि बाबांच्या स्टेडियममधल्या दोन राखीव खुर्च्या यंदाही ठेवायच्या का, असा कागद क्लबकडून आलाय. बर्नीचं म्हणणं असं की यंदा सोडून देऊ, तेवढ्या पायऱ्या आता कोण चढणार. तुझं काय म्हणणं ते कळव, घाई नाही.

आणि घरी यायचीही घाई करू नकोस. तिथे ऊन आहे, बगळे आहेत. इस्टरपर्यंत आरामात राहा. चेस्टरलाही कधी नव्हे ते आईचं सुख मिळू दे.

डार्लीनला नमस्कार. रेडिओ फार मोठा लावू नकोस. आशीर्वाद असू द्यावेत.

तुझी
लॉटी

*

पाल्मेरा
११ मार्च १९८४

ती. लॉटीस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही, आई शेजारच्याच खोलीत असते, म्हणून पत्र.

आईची तब्येत उत्तम आहे. म्हणजे फारच उत्तम. सकाळी सहाला रेडिओ, मग पेपर, मग डार्लीनला पेपर वाचून दाखवणं, मग डार्लीनने विचारलेलं नसताना कालच्या सामन्यात मॅनेजरचं कुठे चुकलं ते. डार्लीनला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ती परवा म्हणाली की हे सराव सामने मोजतही नाहीत ना, मग एवढं काय त्यात. आईने असं बघितलं तिच्याकडे, की मी उठून गॅरेजमध्ये गेलो.

मी चार महिने केलं, लॉटी. आनंदाने केलं. पण डार्लीनची बहीण एप्रिलपासून आमच्याकडे राहायला येणार आहे. तिचा नवरा गेला हे तुला माहीतच आहे. वरची खोली एकच. तुझा गुडघा बरा झाला असं तूच लिहिलंस. तेव्हा ३१ मार्चच्या विमानाचं बघतो. बगळे त्याच सुमारास निघतील, म्हणजे आईलाही वाटेल की ठरल्याप्रमाणेच झालं.

विमानतळावरचं आठवतं ना? बदल्यात काय, म्हणालीस. मी म्हणालो, नाव नंतर सांगू. आता सांगतो. आई. गस पिल्चर आठवला की नाही? बासष्ट साली आपण तो कॅचर दिला, समोरच्यांनी बदल्यातल्या खेळाडूचं नाव नंतर सांगू म्हटलं, आणि दीड महिन्याने त्यांनी पिल्चरच परत पाठवला! माणसाची त्याच्याच बदल्यात अदलाबदल! बाबा हसता हसता खुर्चीवरून घसरले होते, आणि आईने त्यांना उठवताना हसायला नकार दिला होता. तेव्हापासून घरात कुणी काही परत आणून दिलं की आपण त्याला पिल्चर म्हणायचो. तर हा पिल्चर.

रागावू नकोस. नियमात बसतं.

बर्नीला नमस्कार. लोभ असू दे, तुझ्याकडे तो शिल्लक असतो.

तुझा
चेस्टर

*

लेकपोर्ट
१६ मार्च १९८४

चि. चेस्टर,
अ. उ. आ. (द्यायच्या मनःस्थितीत नाही, पण मोठी आहे म्हणून देते.)

तुझं पत्र वाचून मला हसू आलं नाही. बाबांचा विनोद होता तो, तू त्याला हात लावायला नको होतास.

चार महिने केलंस म्हणे, आनंदाने! बाबा गेल्यापासून नऊ वर्षं मी काय केलं, ते तुला नाताळच्या कार्डातून कळत होतं का? तू तिच्या पायाची नखं कधी कापलीस? पहाटे तीनला ती बाबांना हाक मारत उठते तेव्हा काय सांगायचं असतं, माहीत आहे? एकदा मी खरं सांगितलं आणि पुन्हा सगळं रडणं पहिल्यापासून झालं. तेव्हापासून मी सांगते की ते भट्टीवर गेलेत. मग झोपते. तू विचारून तरी बघ तिला रात्री कसं वाटतं ते. उंटावरून शेळ्या हाकायला तू पहिल्यापासून हुशार.

तुला खोटं सांगणार नाही. तिच्या खोलीला मी बर्नीकडून रंग लावून घेतला. पिवळा. शिवणाचं मशीन खिडकीपाशी ठेवलंय. माझ्या सत्तावन्न वर्षांत मला दार लावून बसता येईल अशी ही पहिली जागा. लग्नाआधी तुझ्यासोबत एक खोली, मग बर्नी, मग मुलं, मग आई. त्या खोलीत मी अजून एक पडदाही शिवलेला नाही, नुसती बसते. मी तिच्यावर प्रेम करत नाही असं समजू नकोस. करते, आणि ती इथे नाही म्हणून बरं वाटतं, दोन्ही. हे फादरांनाही सांगितलंय. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून दिलं ते मी केलं आणि परत येऊन त्याच खोलीत बसले.

तेव्हा पिल्चर मला मंजूर नाही. विमान रद्द कर. डार्लीनच्या बहिणीला माणसांनी गजबजलेलं घर हवंच असेल, तर आईच्या खोलीत दुसरा पलंग टाक. दोघी विधवा आहेत, जमेल. आणि आईला यातलं काही कळता कामा नये. मी तिला लिहिलंय की खोली आहे तशीच आहे.

डार्लीनला आशीर्वाद. लोभाचं नंतर बघू.

तुझी बहीण
लॉटी

*

पाल्मेरा
२४ मार्च १९८४

चि. लॉटीस,
अ. उ. आ.

पोंचकीत सारण आतपर्यंत जात नाही कारण तू पिठाला पुरती फुगू देत नाहीस. लहानपणापासून तुला घाई. असो.

काल शुक्रवार. चेस्टर सकाळीच म्हणाला की आज मैदानावर सामना आहे, चल तुला सोडतो, संध्याकाळी न्यायला येतो. डार्लीनने अंड्याचं सॅलड घालून सँडविचं दिली, उपवासाच्या वारी मांस नको ते तिच्या लक्षात होतं, हे मी मुद्दाम लिहिते. गेटवर चिटपाखरू नाही. बगळे काल दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात खेळत होते. पेपरात छापलं होतं, सकाळी मी वाचलंही होतं. पण चेस्टर इतक्या प्रेमाने म्हणाला, की मला वाटलं माझंच वाचण्यात चुकलं असेल. लहानपणी या मुलाला सगळ्या सामन्यांच्या तारखा पाठ असायच्या. आता बघतही नाही.

पाणी मारणाऱ्या माणसाने मला आत बसू दिलं. एवढं मोठं मैदान आणि मी. थोड्या वेळाने बघते तर बाकावर एक जण बसलेला, अंगावर साधे कपडे. हर्मन टॉल! मी जवळ गेले आणि सांगितलं की तुम्ही आठ वर्षं आमचे कॅचर होता आणि तुम्हाला विकलं त्या आठवड्यात मी क्लबला पत्र लिहिलं होतं. तो उठून उभा राहिला. संस्कार चांगले. मी त्याला अर्धं सँडविच दिलं.

त्याला सकाळीच काढलं होतं. इथे एक जाडा कोच आहे, पोरं त्याला यमदूत म्हणतात. तो येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो मॅनेजर बोलावतोय. शेवटच्या आठवड्यात तो दिसला की पोरं संडासात जाऊन लपतात. टॉल म्हणाला की त्याला आधीच कळलं होतं. मी विचारलं, कसं. तर म्हणाला की आदल्या दिवशी मॅनेजरने पेपरवाल्यांसमोर त्याचं कौतुक केलं होतं. हर्मनसारखा माणूस आसपास असणं म्हणजे भाग्य, वगैरे. पंधरा वर्षांत त्याने बघितलंय, चारचौघांत तुमची स्तुती झाली की पिशवी भरायला घ्यायची.

त्यांनी त्याला खालच्या संघात पाठवायचं ठरवलं होतं. बसने फिरायचं, पोरांना शिकवायचं. तो म्हणाला, मला पाठवू नका, मला सोडा. मग त्यांनी बिनशर्त सोडचिठ्ठी दिली. आता तो कुणाचाच नाही आणि कुणी त्याला कुठे पाठवूही शकत नाही. मी म्हटलं, वाईट वाटलं. तो म्हणाला त्यालाही, पण पाठवलं असतं तर जास्त वाटलं असतं. सोमवारी त्याची बायको आयरीन येणार, आणि महिनाअखेर खोली सोडून दोघं मोटारीने घरी जाणार. घर आपल्याच लेकपोर्टला, टेकडीपलीकडे. एवढी वर्षं एका गावात राहिलो आणि पत्ता नाही.

मी संध्याकाळपर्यंत बसले. चेस्टरने सामना कसा झाला विचारलं. मी म्हटलं, बरोबरी. सरावात बरोबरी चालते.

गेल्या रविवारी डार्लीनकडे जेवायला चार माणसं होती. चेस्टर सगळ्यांसमोर म्हणाला, आईचा त्रास म्हणून कसला तो नाही, घरात आहे हेच आमचं भाग्य. सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. मी तेव्हा फार खूष झाले होते.

पिवळा रंग तळघरात कशाला लावला? तिथे बल्ब पेटवल्याशिवाय दिसत नाही. माझ्या खोलीच्या खिडकीत मात्र सकाळचं ऊन येतं, तिथे पिवळा छान दिसेल. खुर्च्यांचा कागद मला पाठवून दे, पायऱ्यांचं मी बघते.

बर्नीला आशीर्वाद. लोभ कळला, असाच कळवत जा.

तुझी
आई

*

पाल्मेरा
२८ मार्च १९८४

ती. लॉटीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. डार्लीनला दाखवलं नाही, कारण पायाच्या नखांबद्दल तू लिहिलंस ते मला लागलं. रात्रीचं मला खरंच माहीत नव्हतं. आमची खोली दुसऱ्या टोकाला आहे.

मी एक मधला मार्ग काढलाय. सहा महिने तू, सहा महिने मी. बगळ्यांबरोबर एप्रिलात ती उत्तरेला, ऑक्टोबरात परत इकडे. तुझं मशीन भिंतीला सरकव, तेवढे महिने. आम्हीही जुळवून घेऊ, वरच्या खोलीत नवा पलंग बसतो का याचं माप गेल्या शुक्रवारी घेऊन ठेवलंय, दोन बसत नाहीत. माप घेताना आई समोर नको म्हणून तिला दिवसभर सामना दाखवला. फार खूष होती बिचारी. बरोबरीत सुटला म्हणाली.

तिला यातलं काहीही कळलेलं नाही, ती काळजी करू नकोस. परवापासून स्वतःच कपाट आवरतेय. मी म्हटलं कशाला, तर म्हणाली वसंत आला की आवरावं. शनिवारच्या विमानाचं तिकीट हातात आहे. शुक्रवारी रात्री जेवताना सांगतो. आवडीचं काही तरी करायला सांगतो डार्लीनला, म्हणजे नीट घेईल.

आणि लॉटी, या एका गोष्टीवरून आपल्या दोघांत वाईटपणा येऊ नये. आई एकच आहे आणि आपणही दोघंच आहोत.

लोभ अर्धा अर्धा वाटून घेऊ.

तुझा
चेस्टर

*

लेकपोर्ट
२ एप्रिल १९८४

चि. लॉटी व चि. चेस्टर,
दोघांसही अ. उ. आ.

कार्बन घालून एकच पत्र लिहिते आहे, म्हणजे एकाला जास्त, एकाला कमी झालं असं होणार नाही. ज्याला पुसट प्रत मिळेल त्याने चष्मा लावावा.

फोनाफोनी झालीच असेल. चेस्टर, साखरेच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली होती, शुक्रवारी डार्लीनने कॉफी करायच्या वेळेला ती मिळाली असेल म्हणून तू पोलिसांकडे गेला नसशील अशी आशा आहे. मी हर्मन टॉल आणि आयरीनच्या मोटारीतून आले. मागच्या सीटवर मी, माझी बॅग आणि त्याच्या बॅटी. वाटेत एक मुक्काम केला, जेवण बरं होतं, कॉफी पाणचट. संघाने सोडलेली दोन माणसं आणि त्यांना सांभाळणारी एक, असा आमचा मेळा होता, पण आम्ही पुष्कळ बोललो. मी आयरीनला विचारलं, तो त्या शुक्रवारी फोनवर काय म्हणाला. ती म्हणाली, काहीच नाही, फक्त लवकर ये म्हणाला. अशी बायको असावी लागते, नाही तर माणूस कुणाला सांगणार.

मी नन्सच्या आश्रमात आहे. सिस्टर बोनिफात्सिया म्हणजे तुमच्या बाबांची मामेबहीण, तुम्ही तिला लहानपणी घाबरायचा. लॉटी, तुझ्या पत्रातला पिवळा रंग वाचला त्याच दिवशी मी तिला लिहिलं. तिने उलट टपाली जागा आहे म्हणून कळवलं. खोली लहान आहे, भिंती पांढऱ्या. खिडकीतून रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे स्टेडियमचे दिवे दिसतात. रात्री मी तुमच्या बाबांना हाक मारते असं सिस्टरने आज सकाळी सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. तू कधी बोलली नाहीस, लॉटी. तू काय उत्तर द्यायचीस तेही मला माहीत नाही, पण नऊ वर्षं मी पुन्हा झोपत होते, म्हणजे चांगलंच देत असशील. त्या पिवळ्या खोलीत बस. दार लाव. हे मी रागाने लिहिलेलं नाही.

बाकीचं रागाने लिहिते आहे.

तुम्ही दोघांनी मला पिल्चर केलंत. कुणी सांगितलं असं विचारू नका. सत्तर वर्षं मी वसंतात हेच बघत आले आहे, कोण राहणार आणि कोण जाणार. चेस्टर चारचौघांत माझं कौतुक करतो, लॉटी मला घाई करू नकोस म्हणते, ट्रंक गॅरेजमधून वर येते आणि नवीन पलंगाचं माप घेतलेली पट्टी टेबलावर राहते. याला कागदपत्र लागत नाहीत. यमदूत दिसल्यावर मी संडासात लपणाऱ्यांतली नाही.

पण पिल्चरची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. हसण्यापुरती. तो परत आला त्या दिवशी तुमचे बाबा आणि मी आपल्या खुर्च्यांवर होतो, तिसऱ्या बेसच्या मागे. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता. तो बॅट घेऊन निघाला आणि सगळं स्टेडियम हसायला लागलं. वाईट मनाने नाही, मजेने. त्याच्याच बदल्यात तो परत आला म्हणून. त्याने टोपी काढली आणि सगळ्या बाजूंना वाकून दाखवलं, म्हणजे मीही तुमच्याबरोबर हसतोय. मग तीन चेंडूंत बाद झाला आणि आत जाऊन बसला. त्या उन्हाळ्यात त्याला कुणी कशाबद्दल रागावलंसुद्धा नाही. ती टोपी काढणं मला जमणार नाही, म्हणून विमानात बसले नाही. शनिवारी विमानतळावर लॉटी मला घ्यायला आली असती, तोंडभरून हसली असती, आणि मीही हसले असते. पुढची सहा-सात वर्षं आपण तिघं तसेच हसत राहिलो असतो.

सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, असं काही तरी तुमचं चाललं असेल. चेस्टरचा स्वभाव मला माहीत आहे, लहानपणी सफरचंदही तो असंच वाटायचा, आणि लॉटी त्याला वाटू द्यायची. मी त्यात नाही. टॉलने मॅनेजरला सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मला पाठवू नका, मला सोडा. आणि तुम्ही सोडणार नाही, लोक काय म्हणतील म्हणून, तर मीच तुम्हाला सोडते. दोघांनाही. बिनशर्त. रविवारी भेटायला यायची सक्ती नाही, नाताळचं कार्ड पुरे. आलात तर कॉफी नन्स करतात, माझ्या हातची मिळणार नाही.

गुरुवारी पहिला सामना आहे. बगळ्यांबद्दल विचाराल तर त्यांनी राजबिंड्या शॉर्टस्टॉपला उत्तरेला आणलाय आणि टॉलला सोडलाय, तेव्हा असल्या मॅनेजरचं काही भलं व्हायचं नाही. पिचिंग मार्चमध्येच दमलेलं होतं. यंदाही शेवटून दुसरे, फार तर तिसरे. न्हाव्याला सांगा, पैसे घरातच ठेव. मी मात्र जाणार. आश्रमातला ड्रायव्हर मला गेटपर्यंत सोडेल, पुढच्या पायऱ्या मी चढेन, एका वेळी एक. या संघाने मला कधी काही दिलं नाही, पण माझ्याबद्दल भाग्य वगैरेही कधी बोलला नाही.

शेवटी लोभ असावा अशी विनंती करायची असते. सत्तर वर्षं मी ती बगळ्यांना करत आले, त्यांनी ऐकली नाही. तुम्हाला आता करत नाही.

तुमची
आई

ता. क. लॉटी, माझा जाड कोट आश्रमात पाठवून दे, एप्रिलात त्या स्टेडियममध्ये तळ्यावरून वारा येतो. खुर्च्यांचा कागद तू पाठवला नाहीस, म्हणून मी क्लबात स्वतः जाऊन दोन्ही ठेवल्या. एकीवर मी बसणार. दुसरीवर कोण, त्याचं नाव नंतर सांगेन.